कॉमिकमधला वेल्डर आणि चार रुपये पगाराचा बाळू

"खेळात जात नसते, मैदानावर फक्त गुणवत्ता बोलते." हे वाक्य आमच्या रायगडच्या किनारपट्टीवर दर हंगामात ऐकू येते. भातकापणी झाली की शेते मोकळी होतात, मग खेळपट्टी चोपायची, चुना मारायचा, मंडप घालायचा आणि टेनिस बॉलचे सामने सुरू. उद्घाटनाला आलेला पाहुणा हमखास हे वाक्य बोलतो. समोर बसलेले संघ मात्र आळीवार आणि समाजवार असतात. कोणता संघ कोणत्या वाड्यातला हे पाहुण्यालाही ठाऊक असते आणि आम्हालाही. तरीही टाळ्या पडतात. या वाक्याचा इतिहास तपासावा, म्हणून हा लेख.

गुणवान गरीब मुलगा मैदानात उतरतो, श्रीमंतांना हरवतो आणि सारे भेद गळून पडतात, ही गोष्ट सर्वांत कसबाने लिहिली गेली ती ब्रिटनमध्ये, मुलांच्या साप्ताहिकांत. डंडी शहरातली डी. सी. थॉमसन ही कंपनी 'रोव्हर', 'विझार्ड', 'हॉटस्पर' अशी साप्ताहिके काढत असे. कामगार वस्त्यांतली पोरे ती पुरवून पुरवून वाचत. १९४९ मध्ये 'रोव्हर'मध्ये अल्फ टपर नावाचा धावपटू अवतरला. पुढे 'व्हिक्टर' या चित्रसाप्ताहिकात त्याच्या चित्रकथा अनेक वर्षे चालल्या. अल्फ वेल्डर. रेल्वेच्या कमानीखालच्या वर्कशॉपमध्ये काम करायचा आणि तिथेच झोपायचा. वर्तमानपत्रात गुंडाळलेले मासे-बटाटे हा त्याचा खुराक. रात्रभर वेल्डिंग करून तो सकाळी शर्यतीला जायचा, ट्रॅकवर विद्यापीठातले गोरेगोमटे खेळाडू त्याला नाक मुरडायचे आणि शेवटच्या फेरीत तो सर्वांना मागे टाकायचा.

आम्हाला अल्फ आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. घाम गाळणाऱ्याला नायक करणे ही लहान गोष्ट नव्हती. त्याच्या आधीच्या इंग्रजी साप्ताहिकांत बोर्डिंग शाळेतल्या साहेबांच्या मुलांचेच राज्य होते. जॉर्ज ऑर्वेलने १९४० मध्ये या साप्ताहिकांवर एक निबंध लिहिला. त्याचे एक निरीक्षण असे की, त्या बोर्डिंग शाळांच्या गोष्टींत कामगार येतो तो हसण्यापुरता किंवा बदमाश म्हणून. संप, युनियन, बेकारी यांचा तर या दुनियेत मागमूसही नाही.

अल्फने ही चौकट अर्धी मोडली. अर्धीच. तो दर आठवड्याला श्रीमंतांना हरवायचा आणि रात्री पुन्हा त्याच कमानीखाली झोपायला जायचा. तो एकटा होता. त्याची युनियन नव्हती, त्याच्यासारख्या दुसऱ्या वेल्डरांशी मिळून त्याने कधी काही मागितले नाही. यात नवल नाही, कारण १९२६ च्या सार्वत्रिक संपानंतर डी. सी. थॉमसन कंपनीने युनियनच्या माणसाला दार बंद केले होते आणि ते धोरण दशकानुदशके चालवले. कामगाराला नायक बनवून विकायचे, मात्र आपल्या छापखान्यात कामगाराने संघटना करायची नाही! आमच्याकडे बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालून आरक्षणावर तोंडसुख घेणारे असतात, त्यांचे हे विलायती भाऊबंद.

अल्फला नाक मुरडणारे विद्यापीठवाले ही लेखकाची कल्पना नव्हती. इंग्लंडमध्ये १८६० च्या दशकात हौशी अॅथलेटिक्सचे नियम झाले तेव्हा कारागीर आणि मजूर हे 'हौशी' या व्याख्येतून बाहेर ठेवले गेले. हाताने काम करणारा तो खेळाडू नव्हे, असा सरळ नियम. धावण्याच्या खेळातून तो १८८० मध्ये गेला, पण हेन्लीच्या प्रसिद्ध नौकाशर्यतीत १९३७ पर्यंत टिकला. क्रिकेटमध्ये तर 'जंटलमेन' आणि 'प्लेअर्स' अशी उघड विभागणी होती. पैसे न घेणारे साहेब एका दारातून मैदानात उतरत, पगारी खेळाडू दुसऱ्या दारातून. कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या. धावफलकावर साहेबाच्या नावाची आद्याक्षरे आडनावाच्या आधी, मजुराची नंतर. हा भेद रद्द व्हायला १९६२ साल उजाडले.

वेगळे दार, वेगळी खोली, नावातला फरक. ही यादी आम्हाला अनोळखी नाही. पण वर्ग आणि जात यांत एक फरक राहतोच. इंग्लंडमधल्या पगारी खेळाडूच्या स्पर्शाने कुणी बाटत नव्हते.

आता त्याच साप्ताहिकांतला एक भारतीय पाहा. 'मॅग्नेट' साप्ताहिक १९०८ मध्ये सुरू झाले. त्यातल्या ग्रेफ्रायर्स शाळेत हरी जमसेट रामसिंग नावाचा मुलगा आहे. नावात हिंदू, पारशी आणि शीख यांची भेळ. हा भानीपूरचा नबाब, विनोदी इंग्रजी बोलणारा आणि शाळेचा उत्तम गोलंदाज. इंग्रज पोरांना माहीत असलेला भारतीय क्रिकेटपटू असा होता: राजघराण्यातला. रणजितसिंहजींमुळे ती प्रतिमा तयार झाली होती. तीन वर्षांनी, १९११ च्या उन्हाळ्यात, भारताचा पहिला प्रातिनिधिक संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पटियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय वर्षे एकोणीस. पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या समारंभांत महाराज इतके गुंतले की मोजकेच सामने खेळले. संघ २३ सामने खेळला, १५ हरला. त्या पडझडीत एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. तो नबाब नव्हता. चांभार समाजातला, सैन्यातल्या शिपायाचा मुलगा. नाव पालवणकर बाळू.

बाळूंची सुरुवात अल्फच्या कमानीपेक्षाही खालून झाली. जन्म १८७६, धारवाडचा. बालपण पुण्यात. पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायची आणि रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात नोकरी लागली, पगार चार रुपये. तिथेही कामे तीच: जाळी बांधा, खेळपट्टी तयार करा, टेनिसच्या कोर्टावर रेघा मारा. साहेबांना सराव हवा असला की बाळूंनी चेंडू टाकायचा. ग्रेग नावाचा त्या काळचा नामांकित फलंदाज तासन्‌तास त्यांच्यासमोर सराव करत असे. बाळूंनी बाद केले की तो आठ आणे द्यायचा, असे सांगतात. आख्यायिका असेलही. पण एक गोष्ट आख्यायिका नाही. बाळूंना बॅट कुणी दिली नाही. फलंदाजी साहेबाची आणि गोलंदाजी नोकराची, अशी ती वाटणी होती. चेंडू टाकणे हे श्रम, तो टोलावणे हा खेळ. अप्रतिष्ठित श्रम कुणाच्या वाट्याला आणि प्रतिष्ठित काम कुणाच्या, हे जातीने ठरते असे आम्ही समाजशास्त्राच्या वर्गात शिकलो. ते इतक्या नेमकेपणाने कुठल्याही पाठ्यपुस्तकात दिसले नव्हते.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांविरुद्ध जिंकायचे होते, म्हणून ब्राह्मण खेळाडूंनी बराच खल करून बाळूंना संघात घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घेत होते. चहाच्या वेळी मात्र बाळूंचा चहा तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवण वेगळ्या पानावर. तोंड धुवायचे तर मैदानाच्या कोपऱ्यात दुसऱ्या एखाद्या अस्पृश्याने पाणी ओतायचे.

पाण्याचा हा विषय आमच्या जिल्ह्याला नवा नाही. मार्च १९२७ मध्ये तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि नंतर सवर्णांनी १०८ घागरी शेण-गोमूत्र-दूध-दह्याच्या मिश्रणाने ते तळे 'शुद्ध' केले. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीने आमच्याच किनाऱ्यावरून, हरिहरेश्वरमार्गे दासगावला आले. पूना क्लबाच्या परिसरातली चहाची भांडी आणि चवदार तळे यांत सुमारे तीस वर्षांचे अंतर आहे. तळ्यावर जे फुटले ते मैदानात आधीपासून साचत होते.

प्लेगच्या साथीनंतर बाळू मुंबईला आले, रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. वृत्तपत्रांत स्तुती झाली, समाजसुधारकांनी याला अस्पृश्यता निवारणाचा टप्पा म्हटले. तोवर धाकटा भाऊ शिवरामही संघात आला होता. पुढे गणपत आणि विठ्ठल आले. चार भाऊ, चारही अव्वल दर्जाचे खेळाडू. दोन भाऊ, बाळू आणि शिवराम, १९११ च्या दौऱ्यावर होते. बाळू परतले तेव्हा मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकर तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते आणि बाळू त्यांच्या पिढीचे आदर्श होते.

इथपर्यंतची कथा अल्फ टपरच्या साच्यात बसते. गरिबी, गुण, अपमान, विजय. आमच्यातही अनेकजण ती इथेच थांबवून सांगतात. पण खरा इतिहास इथून सुरू होतो.

बाळू एका तपाहून अधिक काळ हिंदू संघाचे सर्वांत मोठे गोलंदाज होते. कर्णधारपद मात्र नाही. ते सवर्णांकडे जात राहिले. कारण उघड आहे. खेळपट्टी झाडणारा बळी घेऊ शकतो, पण तो ब्राह्मणाला 'तू तिकडे उभा राहा' असे सांगू शकत नाही. गुणवत्ता मान्य, आज्ञा अमान्य. आजच्या कार्यालयांत, विद्यापीठांत आणि पक्षांतही हाच नियम चालतो.

१९२० च्या चौरंगी स्पर्धेत हे टोकाला गेले. बाळूंना पहिल्या सामन्यातून वगळले. कर्णधार पै आजारी पडले तेव्हा ज्येष्ठतेने आणि खेळाने विठ्ठल यांचा हक्क होता, पण त्या सामन्यासाठी कर्णधार केले दि. ब. देवधरांना. यावर विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. निमूटपणे नव्हे, जाहीर निवेदन काढून. हा अन्याय जातीमुळे आहे आणि आमच्या स्वाभिमानाला तो सहन होणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. मुंबईत चर्चेचा धुरळा उडाला. परिणाम असा झाला की पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात दोघे भाऊ सन्मानाने परतले आणि वगळलेले बाळू उपकर्णधार म्हणून आले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघ चालवला.

मित्रहो, हा संप होता. दोन कामगारांनी आपले श्रम मागे घेतले आणि मालकांना वाटाघाटीला भाग पाडले. महाडच्या सहा-सात वर्षे आधी, मुंबईच्या मैदानात. डी. सी. थॉमसनच्या कुठल्याही साप्ताहिकात हा प्रसंग छापून आला नसता. तिथे नायक अपमान गिळतो आणि शर्यत जिंकून उत्तर देतो. पालवणकर बंधूंनी आधी खेळायलाच नकार दिला.

अखेर १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि युरोपियनांविरुद्ध संघ जिंकला. या घटनेचे श्रेय त्या काळच्या गांधीवादी वातावरणाला देण्याची पद्धत आहे. वातावरण असेलच. पण वातावरण संघातून बाहेर पडत नाही आणि निवेदनही काढत नाही. तुलनेसाठी एक वर्ष लक्षात ठेवा: इंग्लंडने विसाव्या शतकात पहिल्यांदा पगारी खेळाडूला, लेन हटनला, कसोटी कर्णधार केले ते १९५२ मध्ये.

यानंतर सवर्ण क्रिकेटने काय केले? १९३४ मध्ये रणजींच्या नावाने स्पर्धा सुरू झाली. पुढे दुलीप करंडक आला, देवधर करंडक आला. दोन राजपुत्र आणि एक प्राध्यापक. देवधर मोठे फलंदाज होते, त्याबद्दल वाद नाही. पण या नावांच्या ओळीत ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी घेणारा माणूस नाही. २००१ मध्ये 'लगान' आला, त्यात कचरा नावाचे पात्र आले. अनेकांना त्यात बाळू दिसतात. आम्हाला दिसत नाहीत. कचऱ्याचा हात अधू, म्हणून त्याचा चेंडू वळतो. म्हणजे कौशल्यही त्याचे नाही, व्यंगाचे. तो जवळपास बोलत नाही, त्याच्या वतीने नायक भुवन भाषण करतो. बाळूंची फिरकी वर्षानुवर्षांच्या सरावाची होती आणि त्यांच्या भावांनी आपले भाषण स्वतः केले. हिंदी सिनेमाला अल्फ टपरइतकाही दलित नायक झेपला नाही.

मराठी किशोरसाहित्यावर आमचा राग नाही. फास्टर फेणे आम्हीही लपूनछपून वाचला आहे. पण आमच्या वाड्यातून निघालेला, मैदान गाजवणारा मुलगा तिथे शोधून सापडला नाही. आणि गंमत पाहा, असा मुलगा खरोखर होऊन गेला होता आणि त्याने स्वतः लिहूनही ठेवले होते. पालवणकर विठ्ठल यांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र १९४८ मध्ये निघाले. 'बलुतं' १९७८ चे. म्हणजे तीस वर्षे आधी एका अस्पृश्य खेळाडूने मराठीत आपले जीवन लिहिले, आणि दलित आत्मकथनांवरच्या चर्चेत त्याचा उल्लेख विरळाच. एम.ए. करताना आम्हाला हे पुस्तक कुणी सांगितले नाही. रामचंद्र गुहा यांनी २००२ मध्ये इंग्रजीत क्रिकेटचा सामाजिक इतिहास लिहिला, त्यात पालवणकर बंधूंना मोठी जागा मिळाली. तिथून आम्हाला विठ्ठल यांचे पुस्तक कळले. आमचाच माणूस आम्हाला इंग्रजीतून सापडला.

सवर्णांनी विसरणे समजते. आम्ही का विसरलो? याचे उत्तर अडचणीचे आहे. आमच्या एका मंडळात भीमजयंतीच्या सामन्यांत सर्वोत्तम गोलंदाजाच्या चषकाला पालवणकर बाळूंचे नाव द्यावे, अशी सूचना आली. एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठून म्हणाले, "तो बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिलेला माणूस." सभा शांत झाली, कारण हे खरे आहे. १९३२ मध्ये विभक्त मतदारसंघांच्या प्रश्नावर बाळू एम. सी. राजा यांच्या बाजूला होते. पुणे करारावर सही करणाऱ्यांत त्यांचेही नाव आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईतल्या राखीव जागेसाठी काँग्रेसने बाबासाहेबांसमोर बाळूंना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५.

काँग्रेसचा डाव सरळ होता: आंबेडकरांना पाडायचे तर लोकांच्या मनात घर केलेला अस्पृश्यच हवा. ज्या हिंदू संघाने त्यांना कधी नियमित कर्णधार केले नाही, त्याच प्रवृत्तीने त्यांना इथे सलामीला पाठवले. बाळूंनी ती भूमिका स्वीकारली, ही त्यांची राजकीय चूक होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याच निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाचे सुरबा टिपणीस आमच्या कुलाबा जिल्ह्यातून निवडून आले. तेव्हा अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांचा १९३३ पासून सुरू झालेला संप चालूच होता आणि बाबासाहेबांनी त्याच वर्षी खोतीविरोधी विधेयक मांडले. पुढच्या वर्षी काँग्रेस सरकारने संपांवर बंधने आणणारा कायदा आणला तेव्हा, संप करण्याचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, ही भूमिका बाबासाहेबांनी विधिमंडळात मांडली आणि ७ नोव्हेंबर १९३८ चा एक दिवसाचा संप झाला. बाळू निवडून आले असते तर ते त्या दिवशी सरकारच्या बाकावर बसले असते. ज्यांच्या भावांनी १९२० मध्ये संप करून त्यांना उपकर्णधारपद मिळवून दिले, ते संपविरोधी विधेयकाच्या बाजूने हात वर करताना दिसले असते.

पण या हिशेबातले ११,२२५ मतदारही विसरता येत नाहीत. भायखळा-परळच्या चाळीतल्या लोकांनी त्यांना गोलंदाजी करताना पाहिले होते. आपल्यातला एक माणूस साहेबाचे स्टंप उडवतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्या आठवणीला मत देणाऱ्या प्रत्येकाला बाबासाहेबांचा शत्रू ठरवले तर आपण आपल्याच आजोबांना नाकारतो.

अल्फ टपरला मतदान करावे लागले नाही. त्याला चुकीचा पक्ष निवडता आला नाही, कारण त्याच्या लेखकाने त्याच्या जगात पक्षच ठेवले नव्हते. कागदावरच्या नायकाला ही सोय असते. बाळूंना नव्हती. ते १९५५ च्या जुलैत वारले, आपल्या धम्मदीक्षेच्या सव्वा वर्ष आधी.

चषकाच्या नावाचा निर्णय अजून झालेला नाही. विरोध करणाऱ्या ज्येष्ठांचे म्हणणे आहे की नाव द्यायचेच तर विठ्ठल यांचे द्या, संप त्यांनी केला. आमच्यातल्या काहींना हे पटते, काहींना वाटते की ही पळवाट आहे. पुढच्या बैठकीला येणाऱ्यांनी 'माझे क्रीडा-जीवन' ची प्रत जुन्या ग्रंथालयांत शोधावी, मिळाली तर छायाप्रत काढून आणावी. वाद पुस्तक समोर ठेवून होऊ द्या.

जय भीम.